विष शोषणारे अरण्य

अॅनिमेशनपटातून पर्यावरणाचा संदेश द्यायचा म्हटले की बहुतेक वेळा एखादे पात्र निसर्ग वाचवण्यावर भाषण करते आणि चित्रपट संपताच प्रेक्षक ते विसरूनही जातो. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा १९८४ साली जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘नौसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड’ मला मोलाचा वाटतो तो यासाठी, की त्यातला विचार एका प्रयोगातून उलगडत जातो.

विध्वंसक युद्धाला हजार वर्षे लोटली आहेत आणि अजस्र बुरशीसदृश वनस्पतींचे अरण्य जमीन गिळत चालले आहे. तिथल्या हवेत मुखवट्याशिवाय श्वास घेणे म्हणजे मृत्यू, म्हणून सत्ताधाऱ्यांना ते जाळून टाकायचे आहे. कथेची नायिका नौसिका मात्र त्याच अरण्यातले बीजाणू आणून किल्ल्याच्या तळघरात रुजवते आणि त्यांना खोल विहिरीतले स्वच्छ पाणी व वाळू देते. तीच झाडे इथे विष सोडत नाहीत. वनस्पती त्याच ठेवून केवळ माती आणि पाणी बदलायचे, ही नियंत्रित प्रयोगाची रीत चित्रपटात इतक्या सहजपणे आली आहे, की दोष झाडांचा नसून माणसाने नासवलेल्या जमिनीचा आहे, हे कोणी निराळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे अरण्याच्या तळाशी गेल्यावर दिसते, की ही झाडे विष शोषून घेतात, शेवटी दगडासारखी होऊन त्यांची वाळू होते आणि त्या वाळूतून निर्मळ पाणी वाहते.

असे विष शोषणारी झाडे प्रत्यक्षातही आहेत. २००१ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या संशोधकांनी, लाकूड टिकवण्याच्या रसायनांनी दूषित झालेल्या जागेवर वाढणारा ‘टेरिस व्हिटाटा’ हा नेचा तपासला, तेव्हा त्याच्या पानांच्या कोरड्या वजनात दोन टक्क्यांहून अधिक आर्सेनिक साठू शकते असे आढळले. आर्सेनेटची, म्हणजे मातीतल्या आर्सेनिकच्या एका ऑक्सिजनयुक्त रूपाची, रचना फॉस्फेट या वनस्पतींच्या पोषकद्रव्याशी मिळतीजुळती असल्यामुळे मुळे ते फॉस्फेटच्याच वाटेने आत घेतात. पुढे हे आर्सेनिक पानांतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये, कोंडून ठेवले जाते. हा नेचा आपल्याकडेही जुन्या चुनेगच्ची भिंतींवर उगवतो.

चित्रपट विज्ञानापासून दूर जातो तो एका ठिकाणी. आर्सेनिक किंवा पारा ही मूलद्रव्ये असल्यामुळे कोणतीही वनस्पती त्यांना नाहीसे करू शकत नाही. नेच्याची पाने कापून त्यांची सुरक्षित विल्हेवाट माणसालाच लावावी लागते. मियाझाकी यांच्या या कथेमागच्या प्रेरणांमध्ये क्युशू बेटावरील मिनामाता उपसागराचा उल्लेख होतो, जिथे कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथाइल पारा हे पाऱ्याचे विषारी संयुग माशांतून माणसांच्या मज्जासंस्थेपर्यंत पोहोचले होते. या विषबाधेतून झालेल्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली, तरी ते सांडपाणी थांबायला १९६८ उजाडले. तळाचा पारायुक्त गाळ उपसण्याचे आणि भराव घालून तो गाडण्याचे काम त्यानंतर १९७७ ते १९९० या काळात करावे लागले, आणि त्या भरावाखाली समुद्राचा सुमारे ५८ हेक्टर भाग कायमचा बुजला.