ताजचं जुनं पोस्टकार्ड आणि त्यात न दिसणारे गोंयकार

गोव्यात जुन्या घरांतल्या कागदांत कधीकधी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचं जाहिरातीचं पोस्टकार्ड निघतं. अशा कार्डावर तारीख नसली तरी चित्र बरंच सांगून जातं. गेटवेचं बांधकाम पूर्ण होऊन उद्घाटन झालं डिसेंबर १९२४ मध्ये आणि त्याच्याआधी १९१५ ते १९१९ दरम्यान अपोलो बंदरावर भराव घालून जमीन तयार केली, त्यामुळे समोर गेटवे असायला हवा तिथे नुसतं पाणी दिसत असेल तर कार्ड त्याआधीचं.

हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, जमशेटजी टाटा तेव्हा हयात होते, पुढच्या मे महिन्यात गेले. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या निधनानंतर चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनियरने काम पुरं केलं. आपल्याकडे अजून सांगतात की ताज उलटं बांधलं गेलं, ते खरं नाही. मूळ दार शहराच्या बाजूलाच होतं, आता जिथे स्विमिंग पूल आहे तिथे. पण कार्डांवर कायम समुद्राकडची बाजू छापली, आणि माझ्या मते तीच बाजू पुढची असा समज पक्का व्हायला या कार्डांनीही हातभार लावला असणार.

आणि समुद्राकडूनच का छापणार नाहीत, गिऱ्हाईक तिकडूनच यायचं ना, बोटीतून उतरणाऱ्याला पहिला दिसायचा तो घुमटच. हॉटेलं स्वतःच्या चित्राची कार्डं छापून पाहुण्यांना द्यायची, पाहुणा दोन ओळी खरडून घरी पाठवायचा आणि हॉटेलची जाहिरात पार लंडनपर्यंत पोचायची. सुरुवातीच्या कार्डांवर मागची बाजू फक्त पत्त्यासाठी, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. ब्रिटनने १९०२ मध्ये मागे रेघ मारून अर्धी जागा मजकुराला दिली, बाकी देशांत ते हळूहळू झालं. म्हणून रेघ नसलेलं कार्ड मिळालं तर नीट जपा.

मला मात्र चित्रात नसलेल्यांबद्दल जास्त वाटतं. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात काम कमी म्हणून आपली माणसं मुंबईला गेली, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत, गावागावाप्रमाणे राहिली, कोणी तारवटी (बोटीवरचा खलाशी), कोणी कुकनेर (स्वयंपाकी), कोणी बँडवाला. चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि नोटेशन लहानपणीच शिकलेली पोरं, त्यामुळे मुंबईच्या मोठ्या हॉटेलांच्या बँडमध्ये गोंयकार भरपूर. हळदोण्याचे अँतोनियो शाव्हियर वाझ म्हणजेच चिक चॉकलेट, ते ट्रम्पेट घेऊन ताजमध्ये वाजवायचे, आणि ताजच्या स्वयंपाकघरात नाव काढलं ते मिगेल आर्कांजो मास्कारेन्हस या गोंयकार शेफने.

कार्डावर यातलं कोणी नाही, कार्ड इमारतीचं. पण त्याच कागदांत हॉटेलची जुनी मेनूकार्डं किंवा डान्सच्या कार्यक्रमाचे कागद असतील तर रद्दीत देऊ नका, वाजवणाऱ्यांची नावं मिळाली तर तिथेच मिळतील.