नैमित्तिक निवेदक : रेडिओतून लिहिते झालेल्या ठाणेकरांची पार्श्वभूमी

ठाण्यात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला की पत्रिकेवर निवेदकाच्या नावाखाली बहुधा दोन ओळखी असतात : आकाशवाणीचे निवेदक आणि संगीतविषयक लेखक. गाण्याच्या वेडापायी माणूस रेडिओवर जातो आणि तिथून लिहिता होतो, हे या शहराला सवयीचे आहे.

मुंबईचे प्रसारण १९२७चे. पण या प्रवासाचे मूळ आकाशवाणीच्या १९५२ नंतरच्या धोरणात सापडते. चित्रपटगीतांवर तेव्हा कात्री चालली. जी वाजत, त्यांच्यातही चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे जाहिरात, म्हणून ते गाळले जाई. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीचीच गाण्यांची सेवा, विविध भारती, सुरू झाली. मधल्या पाच वर्षांत घरोघरी वह्या तयार झाल्या. माझ्या वडिलांच्या वहीला पाच रकाने होते : मुखडा, गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने काढलेली प्रश्नचिन्हे आणि त्यांवर महिन्यांनी वेगळ्या शाईत भरलेले नाव. रेडिओने न सांगितलेले स्वतः हुडकून काढायचे, ही खोड तिथून लागली. पुढचे सगळे लेखन मला त्या रकान्यातूनच निघालेले दिसते.

ठाण्यात या खोडीला खतपाणी मिळाले. १८९३पासूनचे मराठी ग्रंथालय हाताशी, नगराध्यक्षपदावर बसलेला गीतकार, पी. सावळाराम, शहराने पाहिलेला, १९७८पासून गडकरी रंगायतन हे नाट्यगृह. चर्चगेटचे आकाशवाणी केंद्र मात्र लोकल आणि वर पायपीट एवढ्या अंतरावर. रात्रीची सभा, म्हणजे रात्रीचे प्रसारण, संपवून निघालेल्या निवेदकाचे लक्ष शेवटच्या ठाणे लोकलकडे असे.

आता शीर्षकातल्या 'नैमित्तिक' या शब्दाकडे येतो. रेडिओवर 'काम करतो' म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे नोकरीत होते. बाकीचे पॅनलवरचे. लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी पार करून पॅनलवर यायचे आणि बोलावणे आले की ड्युटी करायची. बोलीत त्यांना 'कॅज्युअल' म्हणत. हिंदी कागदांवर 'आकस्मिक उद्घोषक', मराठीत 'नैमित्तिक'. मराठी माणसाला 'आकस्मिक' म्हटले की अपघात किंवा झडती आठवते. 'नैमित्तिक' निदान नित्य-नैमित्तिकातला, निमित्त असेल तेव्हाचा. पण तोही इथे खरा नव्हता. पहाटेची सभा रोज लागते, तिला निमित्त कसले? काम नित्याचे आणि माणूस तेवढा नैमित्तिक, अशी ही रचना होती. महिन्याला सहा ड्युट्यांची मर्यादा होती. सातवी दिली तर माणूस कायमपणाचा हक्क सांगेल, असाच त्या आकड्याचा अर्थ पॅनलवर लावला जाई. प्रकरणे न्यायाधिकरणापर्यंत गेली. प्रशासनाचीही बाजू होती : वेगवेगळे आवाज हवेत, मंजूर पदे थोडी. ती मी समजू शकतो. तरी वीस-वीस वर्षे त्याच माइकसमोर बसणाऱ्याला दर खेपेला नवा करारपत्राचा कागद देणे मला कधीच पटले नाही.

या सहाच्या आकड्यानेच निवेदकांना लेखक केले, असे माझे मत आहे. महिन्याचे चोवीस दिवस मोकळे आणि डोक्यात गाणी. सहा दिवसांच्या मानधनात घर चालत नसे. मग कुणी बँकेत किंवा शाळेत नोकरी धरली, कुणी कार्यक्रमांच्या संहिता लिहिल्या, कुणी पुरवण्यांत सदर चालवले. संहितेने हात आधीच तयार झालेला होता. दोन गाण्यांच्या मध्ये चाळीस सेकंद, तेवढ्यात संगीतकाराची आठवण सांगून पुढच्या मुखड्यावर नेमके उतरायचे. रेडिओतून आलेल्या लेखकाची वाक्ये छोटी असतात आणि मोठ्याने वाचली तर अडखळत नाहीत, ती त्यामुळे.

१९९३ला एफएमवर खाजगी कंपन्यांना वेळ मिळू लागला, २००१पासून देशात स्वतंत्र खाजगी केंद्रे आली आणि 'निवेदक' मागे पडून 'आरजे', म्हणजे रेडिओ जॉकी, आला. मुंबईच्या एफएमवर मराठी गाणी का लागत नाहीत, यावर पुष्कळ वाद झाला. त्याहून मोठा बदल वेगळाच होता. खाजगी केंद्रांवर गाण्यांची यादी आधीच ठरून संगणकावर येऊ लागली. फर्माइशींच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा चाळून, तबकडी स्वतः काढून आणून, तिच्या लेबलावरची नावे वाचणारा माणूस त्या साखळीत उरला नाही. ज्यांनी ते केले होते, ते आता ठाण्याच्या सभागृहांत आणि दिवाळी अंकांत भेटतात.

२०२३मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव अधिकृतपणे मागे घेऊन सगळीकडे 'आकाशवाणी' करण्यात आले. पॅनलवरच्या माणसांच्या नावाचा प्रश्न तिथे कुणी काढला नाही. पत्रिका छापायला देताना आमचा आग्रह एवढाच असतो : नुसते 'निवेदक' लिहा, पुढे 'नैमित्तिक' नको.