ज्यूद्वेष, पर्यावरणसंकट आणि ख्रिस्ती ईश्वरविद्या

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती ईश्वरविद्येने आपल्याच परंपरेची जी झडती घेतली, तिचे दोन प्रमुख विषय म्हणजे ज्यूंविषयी चर्चने शतकानुशतके दिलेली शिकवण आणि निसर्गाविषयीची तिची भूमिका. नाझी राजवटीत सु. साठ लाख ज्यूंची हत्या (शोआ) झाल्यावर पहिली झडती टाळणे अशक्य झाले. दुसरीला १९६० नंतर प्रदूषण, जमिनीची धूप व जीवजातींचा ऱ्हास यांवरच्या चर्चेने गती दिली. दोन्हींवरचे लेखन सहसा वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले असते. मूळ मात्र पुष्कळ अंशी एकाच वाचनसवयीत सापडते. हिब्रू धर्मग्रंथांतील वंश, देह, जमीन, पीक, विश्रांतीचा वार या ऐहिक गोष्टी म्हणजे पुढे येणाऱ्या आध्यात्मिक सत्याच्या नुसत्या सावल्या, असे मानले की ‘देहानुसार इस्राएल’ (म्हणजे प्रत्यक्ष ज्यू लोक) आणि पृथ्वी ही दोन्ही कालबाह्य ठरलेल्या बाजूला जाऊन पडतात.

‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द अर्वाचीन आहे. त्याचे विशेषणरूप १८६० मध्ये मोरिट्स स्टाइनश्नायडर यांच्या लेखनात आढळते. राजकीय घोषणा म्हणून तो रूढ झाला १८७९ च्या सुमारास, व्हिल्हेल्म मार याच्या जर्मनीतील प्रचारामुळे. त्यामुळे धार्मिक ज्यूविरोध व वांशिक ज्यूद्वेष असा भेद करण्याची प्रथा आहे. विश्लेषणाला हा भेद उपयोगी पडतो, पण चर्चला दोषमुक्त करण्यासाठी तो वापरला की लंगडा पडतो. १९३९ मध्ये आयझेनाख येथे जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या आश्रयाने ख्रिस्ती जीवनातील ‘ज्यू प्रभाव’ काढून टाकण्यासाठी एक संस्था उघडली गेली. नव्या कराराचे अभ्यासक व्हाल्टर ग्रुंडमान तिचे सूत्रधार होते, आणि १९४० मध्ये तिने ज्यू संदर्भ गाळलेला नवा करारही छापला. येथे धर्म कोठे संपला व वंश कोठे सुरू झाला, हे सांगणे अवघड आहे.

उगमाचा वाद : ख्रिस्ती ज्यूविरोध नव्या करारातच आहे की तो नंतरच्या चर्चपित्यांनी (आरंभीच्या शतकांतील मान्यवर ख्रिस्ती लेखकांनी) आणला, यावर एकमत नाही. इतिहासकार झ्यूल इझाक यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा रोख असा, की शुभवर्तमानांचा येशू हा ज्यू समाजातच उभा आहे. ‘तिरस्काराची शिकवण’ ही नंतरच्या भाष्यकारांची व धर्मशिक्षकांची निर्मिती आहे. ईश्वरविद्येच्या अभ्यासक रोझमेरी रॅडफर्ड र्‍यूथर यांनी १९७४ मध्ये याहून कठोर मत मांडले : येशू हाच मसीहा (ज्यूंना वचन दिलेला तारणारा), या प्रतिपादनाची दुसरी बाजू म्हणून ज्यूंचा नकार आरंभापासूनच ख्रिस्तविषयक सिद्धांतात विणला गेला. र्‍यूथर यांच्या मांडणीवर आक्षेप असा, की तीत पहिल्या शतकातील ज्यूंचा अंतर्गत वाद आणि दुसऱ्या शतकातील परक्यांचा हल्ला यांतले अंतर पुसले जाते. नव्या करारातील बहुतेक लेखक स्वतः ज्यू होते, ही गोष्ट लक्षात घेतली तर या आक्षेपात तथ्य वाटते. मात्र तेच शब्द बिगरज्यू वाचकांच्या हाती गेल्यावर त्यांचा अर्थ बदलला, हेही तितकेच खरे.

हा बदल कसा होतो, हे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील २:१४–१६ या उताऱ्यात जवळून पाहता येते. १४ व्या व १५ व्या ओवीच्या मध्ये स्वल्पविराम दिला, तर अर्थ होतो ‘यहूद्यांकडून, त्यांनी प्रभूला मारले’, म्हणजे सगळेच आरोपी. तो काढला, तर ‘ज्या यहूद्यांनी प्रभूला मारले, त्यांच्याकडून’, म्हणजे काही विशिष्ट माणसे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत अशी विरामचिन्हे नव्हती. ती संपादकांनी घातली. काही अभ्यासक हा सगळा उताराच प्रक्षिप्त मानतात, परंतु हस्तलिखितांचा त्याला आधार मिळत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात ‘युदाइओइ’ हा ग्रीक शब्द सु. सत्तर वेळा येतो. त्याचे भाषांतर ‘यहूदी’, ‘यहूदियाचे लोक’ की ‘यहूदी पुढारी’ असे करावे, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. सर्वत्र ‘पुढारी’ केल्यास मूळ मजकूर धुतल्यासारखा होतो. सर्वत्र ‘यहूदी’ ठेवल्यास येशू व त्याचे शिष्यही यहूदीच होते, हे वाचणारा विसरतो.

दुसऱ्या शतकापासून चित्र अधिक स्पष्ट होते. मार्शनने सु. १४४ मध्ये रोमच्या चर्चपासून फारकत घेतली. जगाचा निर्माता असलेला हिब्रू देव कनिष्ठ व येशूचा पिता वेगळा, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून हिब्रू ग्रंथ, ज्यूंचा देव आणि ही भौतिक सृष्टी अशी तिन्ही त्याने एका फटक्यात टाकली. चर्चने मार्शनला धुडकावले आणि सृष्टी चांगली आहे हे मत राखले. हिब्रू ग्रंथही ठेवले, पण ते आता आपले, ज्यूंचे नव्हेत, असा दावा केला. जस्टिन मार्टरच्या ट्रायफो या ज्यूशी झालेल्या संवादात (सु. १५५–१६०) चर्च हेच खरे इस्राएल ठरते. सार्डिसच्या मेलिटोच्या वल्हांडणावरील प्रवचनात (सु. १६०–१७०) देवहत्येचा, म्हणजे ज्यूंनी देवालाच मारल्याचा, आरोप प्रथमच उघडपणे येतो. अँटिऑक येथे ३८६–३८७ मध्ये जॉन क्रिसोस्टमने दिलेली आठ प्रवचने वस्तुतः सिनॅगॉगच्या (ज्यू प्रार्थनागृहाच्या) सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना उद्देशून होती. सामान्य माणसांचे शेजारधर्म पाळणे उपदेशकाला खुपत होते, असा त्यांचा अर्थ लावणे अधिक योग्य. ऑगस्टीनने ५९ व्या स्तोत्रातील ‘त्यांना ठार मारू नको’ या शब्दांचा आधार घेऊन ज्यूंना जगू द्यावे, पण पराभवाचे साक्षीदार म्हणून, अशी भूमिका घेतली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने त्यांना वेगळा पोशाख सक्तीचा केला. ल्यूथरचे १५२३ चे लेखन सौम्य आहे. १५४३ चे सिनॅगॉगे जाळण्याचा सल्ला देणारे आहे.

जागा घेण्याचा सिद्धांत : चर्चने इस्राएलची जागा घेतली, या मताचे ईश्वरविद्येचे अभ्यासक केंडल सूलन यांनी १९९६ मध्ये केलेले तीन प्रकार आता सर्वत्र वापरले जातात. पहिल्या प्रकारात इस्राएलचे काम ख्रिस्ताच्या येण्याने पूर्ण होऊन संपते. दुसऱ्यात देव इस्राएलला शिक्षा म्हणून बाजूला सारतो. तिसरा रचनेतला आहे, आणि तोच सर्वांत चिवट : सृष्टी, पतन, तारण व पूर्णत्व अशी कथा सांगताना उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायावरून थेट नव्या करारावर उडी मारली जाते. मधला सगळा इस्राएल गळतो. पहिले दोन प्रकार ठरावाने नाकारता येतात. तिसरा नाकारायचा तर धर्मशिक्षणाचा आराखडाच बदलावा लागतो. या उडीत आणखी काय गळते, हे सूलन यांच्या चर्चेत फारसे येत नाही : पडीक जमिनीचे वर्ष, बैलाची विश्रांती, फळझाडांचे संरक्षण, नोहाबरोबरचा करार.

उपासनेतील एक तपशील येथे बोलका आहे. शुभ शुक्रवारच्या रोमन प्रार्थनाक्रमात प्रत्येक विनंतीनंतर ‘गुडघे टेकू या’ अशी हाक येई व लोक गुडघे टेकत. नवव्या शतकाच्या सुमारास फक्त ज्यूंसाठीच्या प्रार्थनेवेळी गुडघे न टेकण्याची रीत पडली. कारण सांगितले गेले ते असे, की ज्यूंनी येशूपुढे गुडघे टेकून त्याची थट्टा केली होती. मत्तयाच्या २७ व्या अध्यायात ही थट्टा करणारे रोमन सुभेदाराचे शिपाई आहेत! ही रीत जवळजवळ अकराशे वर्षे टिकली. १९५५ मध्ये पोप बाराव्या पायसने गुडघे टेकणे पुन्हा सुरू केले. त्याच प्रार्थनेतील ‘पर्फिडिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मुळात ‘विश्वास न ठेवणारे’ असा घेता येई, पण लोकभाषांत तो ‘विश्वासघातकी’ झाला. १९४८ मध्ये सौम्य भाषांतराला मुभा मिळाली आणि १९५९ मध्ये पोप तेविसाव्या जॉनने शब्दच काढला. १९७० च्या पाठात ज्यूंचा उल्लेख देवाचे वचन प्रथम ऐकणारे लोक असा आहे. जुन्या लॅटिन विधीसाठी २००८ मध्ये दिलेल्या पाठाने त्यांच्या धर्मांतराचा मुद्दा परत आणला, अशी तक्रार झाली.

चर्चच्या औपचारिक निवेदनांचा आरंभ अडखळत झाला. नाझींच्या हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या जर्मन प्रॉटेस्टंटांचे १९३४ चे बार्मेन निवेदन व युद्धानंतर जर्मन प्रॉटेस्टंट चर्चने ऑक्टोबर १९४५ मध्ये दिलेला स्टुटगार्टचा दोषस्वीकार, या दोहोंत ज्यूंचा उल्लेखच नाही. १९४७ मध्ये झेलिसबर्ग येथील परिषदेने धर्मशिक्षकांसाठी दहा मुद्दे दिले. येशू ज्यू मातेचा पुत्र होता, यासारखी उघड गोष्टही त्यांत सांगावी लागली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ‘नोस्त्रा एताते’ हे निवेदन २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर झाले. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही, असे त्याचा चौथा भाग सांगतो. ऱ्हाइनलँडच्या प्रॉटेस्टंट सिनॉडने (चर्चसभेने) १९८० मध्ये त्यापुढे जाऊन इस्राएलची निवड कायम असल्याचे मान्य केले. रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायातील जैतुनाच्या झाडाचा दृष्टांत, रानटी फांदी कलम झालेली व मूळ तिला पोसणारे, हा या सर्व निवेदनांचा कणा आहे.

सृष्टीविषयीचा वाद : मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार लिन व्हाइट यांनी २६ डिसेंबर १९६६ रोजी दिलेले व मार्च १९६७ मध्ये छापून आलेले व्याख्यान ही सर्वमान्य सुरुवात मानतात. पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्म हा सर्वांत मानवकेंद्री धर्म आहे, हे त्यातले वाक्य सतत उद्धृत होते. त्यातला नांगर मात्र कोणी पाहत नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस उत्तर युरोपात आलेल्या जड नांगराला चर कापणारे उभे पाते, तळाशी आडवा फाळ आणि माती उलथणारी फळी असे. घर्षण इतके, की दोनऐवजी बहुधा आठ बैल जुंपावे लागत. एका घराकडे आठ बैल नसत, म्हणून जमिनीची वाटणी कुटुंबाच्या गरजेऐवजी यंत्राच्या ताकदीनुसार होऊ लागली. व्हाइट यांच्या मते माणूस निसर्गाचा भाग होता, तो आता त्याचा शोषक झाला. या युक्तिवादातला नांगराचा भाग धर्माच्या भागापेक्षा भक्कम आहे. जेरेमी कोहेन यांनी १९८९ मध्ये उत्पत्ती १:२८ या, माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगणाऱ्या वचनाच्या प्राचीन व मध्ययुगीन ज्यू आणि ख्रिस्ती भाष्यांचा माग काढला. निसर्ग लुटण्याचा परवाना म्हणून हे वचन क्वचितच वाचले गेल्याचे त्यांना दिसले. चर्चा बहुधा विवाह, संतती व देवाशी असलेल्या नात्याची होती.

मराठी बायबलात या वचनात ‘सत्ता चालवा’ असे येते ते हिब्रू ‘रादा’ या धातूसाठी. ‘सत्तेखाली आणा’ यामागचा धातू ‘काबश’. दोन्ही कठोर आहेत. ‘काबश’ यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात माणसांना गुलाम करण्यासाठी येतो. त्यामुळे त्यांना ‘काळजी घेणे’ असा गोड अर्थ देणारी भाष्ये टिकत नाहीत. त्यांना मर्यादा पडते ती संदर्भाने. लगेच पुढच्या ओव्यांत माणसाला व प्राण्यांना अन्न म्हणून फक्त वनस्पती दिल्या आहेत. मांसाची मुभा नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर मिळते. ‘रादा’ कठोरपणे करू नये, असे लेवीय २५:४३ स्पष्ट बजावते. उत्पत्ती २:१५ मधील ‘आबाद’ (सेवा, मशागत) व ‘शामर’ (राखण) ही जोडी ‘गणना’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात निवासमंडपातील (फिरत्या उपासनास्थानातील) लेवींच्या, म्हणजे तेथील सेवेकऱ्यांच्या, कामासाठी येते, म्हणजे बाग राखणे हे जवळपास याजकाचे काम ठरते. पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा (२०१५) ६७ वा परिच्छेद याच जोडीवर उभा आहे.

ऑर्थोडॉक्स चर्चने १९८९ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. कॅथलिक चर्चने तो २०१५ मध्ये स्वीकारला. माणूस हा ‘कारभारी’ ही कल्पना प्रॉटेस्टंट वर्तुळांत सर्वाधिक चालते. तिच्यातली अडचण अशी, की मालक दूर गेलेला व पृथ्वी ही मालमत्ता, असे चित्र तयार होते.

१९६१ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात हे दोन्ही विषय एकाच छताखाली आले होते. ईश्वरविद्येचे अभ्यासक जोसेफ सिटलर यांनी कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावरून तारण सर्व सृष्टीला लागू असल्याचे मांडले. त्याच अधिवेशनाने ज्यूद्वेषाचा निषेध करून क्रुसावरील मृत्यूचा दोष आजच्या ज्यूंवर टाकू नये, असे बजावले. दोन्हींचा धागा जोडण्याचे काम मात्र नंतर, तेही एकेका लेखकाने केले. र्‍यूथर पुढे पर्यावरणवादी स्त्रीवादाकडे वळल्या. जर्मन ईश्वरविद्या-अभ्यासक युर्गेन मोल्टमान यांनी १९८५ मध्ये निर्मितीचा कळस माणूस नसून शब्बाथ (विश्रांतीचा वार) आहे, असे प्रतिपादन केले आणि देव स्वतःला आकसून सृष्टीला जागा देतो, ही सोळाव्या शतकातील कबालावादी (ज्यू गूढवादी) इसाक लुरिया यांची ‘झिमझुम’ कल्पना वापरली. ज्यू वारशाची ही दखल म्हणायची की उसनवारी, यावर मतभेद आहेत. शब्बाथ पाळणारी माणसे चित्रातून वगळून केवळ कल्पना उचलली, तर जुनाच दोष नव्या वेषात येतो.

उलट दिशेचा धोका अधिक ठळक आहे. व्हाइट यांनी सरळ रेषेतला काळ व निर्मितिकथा ख्रिस्ती धर्माला ज्यू धर्माकडून मिळाल्याचे म्हटले होते. लोकप्रिय लेखनात त्याचे ‘निसर्गातला देव हिब्रूंनी मारला’ असे झाले. ज्यू स्त्रीवादी अभ्यासक जूडिथ प्लास्कॉव्ह यांनी पितृसत्तेचे खापर ज्यूंवर फोडणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीवादाबाबत दिलेला इशारा येथेही लागू पडतो. ज्या परंपरेवर खापर फुटते, तिनेच ‘अनुवाद’ या बायबलच्या पुस्तकातील २०:१९ मधल्या वेढ्यात फळझाडे न तोडण्याच्या आज्ञेवरून कोणतीही वस्तू वाया न घालवण्याचा नियम (‘बाल तशखित’) काढला.

जमिनीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ‘जमीन माझी आहे, तुम्ही परदेशी व उपरे आहात’ हे लेवीय २५:२३ पर्यावरणवादी अभ्यासकांचे आवडते वचन. ते अमूर्त ‘पृथ्वी’ला लावले तर इस्राएलचा विशिष्ट भूप्रदेश पुन्हा गळतो, भूप्रदेशालाच लावले तर आजच्या राज्याच्या सीमांना धर्माची मोहोर लागते, असा पॅलेस्टिनी ख्रिस्ती अभ्यासकांचा आक्षेप आहे.

‘जुना करार’ या नावावरही वाद आहे. इब्री लोकांस पत्र ८:१३ मध्ये जुने झालेले लवकरच नाहीसे होणार, असे म्हटले असल्याने ‘जुना’ या शब्दाला तो वास येतो. म्हणून अनेक अभ्यासक ‘हिब्रू बायबल’ म्हणतात. पण हे नाव तंतोतंत बसत नाही : दानीएल व एज्राचे काही भाग अरामी भाषेत आहेत, कॅथलिक व ऑर्थोडॉक्स बायबलांत ग्रीकमधून आलेली जादा पुस्तके आहेत, आणि ग्रंथांचा क्रमही वेगळा आहे. ज्यूंच्या प्रचलित मांडणीत शेवटी ‘इतिहास’ या नावाची दोन पुस्तके येतात व त्यांचा शेवट यरुशलेमला परत जाण्याच्या हाकेने होतो. ख्रिस्ती मांडणीत शेवटी मलाखी या संदेष्ट्याचे पुस्तक आहे आणि तो एलीयाच्या येण्याची वाट पाहतो.