इंटरनेट व ई-मेलवरील खासगी माहितीचे रक्षण (ग्रामीण विदर्भ)

आपले नाव, क्रमांक, बोटांचे ठसे, पत्रव्यवहार आणि ठावठिकाणा इंटरनेटवर कोणाच्या हाती जावा हे ठरवणे स्वतःकडे राखण्याची रीत. यावरचा नेहमीचा सल्ला स्वतःचा संगणक असलेल्या माणसासाठी लिहिलेला असतो. विदर्भाच्या खेड्यात घरात बहुधा एकच स्मार्टफोन, तोही शिकणाऱ्या मुलाकडे. अर्ज भरायचे ते बाजाराच्या गावातल्या सेवा केंद्रात आणि पैसे काढायचे ते बँक मित्राकडे (बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे) अंगठा लावून. माहिती ओळखीच्या माणसाच्या संगणकावर पडून राहते आणि बहुतेक वेळा तिथूनच गळते. त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही.

सेवा केंद्र

पीक विमा, महाडीबीटी (सरकारी योजनांचे संकेतस्थळ), शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, पोलीस भरती अशा अर्जांना आधार, पासबुक, सातबारा यांतले कागद लागतात. ‘व्हॉट्सॲपवर टाका’ म्हटले की एका फोटोच्या तीन-चार प्रती होतात: केंद्रचालकाच्या फोनची गॅलरी, संगणकावरचे डाउनलोड फोल्डर, छपाईसाठी केलेली पीडीएफ आणि बॅकअप चालू असेल तर त्याचे गूगल खाते. आपल्याकडून मेसेज डिलीट केल्याने संगणकावर उतरवलेली फाइल जात नाही. म्हणून शक्य तिथे मूळ कागद नेऊन समोर स्कॅन करून घ्यावा, अर्ज सादर होऊन पावती हाती आल्यावर फाइल शिफ्ट व डिलीट ही बटणे एकत्र दाबून काढायला सांगावी. नुसते डिलीट केलेले रिसायकल बिनमध्ये राहते. इन्कॉग्निटो खिडकीत (पाहिलेल्या पानांची नोंद न ठेवणाऱ्या) काम केले तरी डाउनलोड केलेली फाइल तिथेच राहते, हे चालकांनाही पुष्कळदा माहीत नसते.

जिथे आधारचा पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे. ते मायआधार संकेतस्थळावरून उतरवता येते. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. म्हणजे ओळखीच्या माणसापुढे हे कुलूप नाममात्रच. झेरॉक्सवर ‘फक्त पीक विम्यासाठी’ असे लिहून तारीख घालावी आणि सही अशी करावी की ती छापील मजकुरावरून जाईल. कोऱ्या जागेतली सही कापून टाकता येते.

दुसऱ्याने काढून दिलेला ई-मेल

अर्जात ई-मेल लागतो म्हणून केंद्रचालक जागच्या जागी खाते काढून देतो. पासवर्ड नाव आणि १२३ असा काहीतरी, आणि रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्यासाठी, मोबाइल क्रमांक त्याचा स्वतःचा. पुढे तेच खाते मुलगा फोनमध्ये टाकतो. मग फोनमधले संपर्क, फोटो, चालू असल्यास ठिकाणांची नोंद, सगळे त्यात साठते आणि त्याची एक किल्ली दुसऱ्याकडे असते. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही; रिकव्हरी क्रमांक ज्याच्याकडे, तो नवा पासवर्डही बदलू शकतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, मग खाते व्यवस्थापन, मग सुरक्षा या भागात जाऊन आधी रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ई-मेल आपला करावा. त्यानंतर पासवर्ड बदलावा. मग ‘तुमची डिव्हाइस’ या यादीतून केंद्राचा संगणक आणि विकलेले जुने फोन बाहेर काढावेत. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी) चालू करून तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरात ठेवावेत. रिकव्हरी क्रमांक बदलल्यावरही साधारण आठवडाभर जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय गूगल देऊ शकते, म्हणून आठ दिवसांनी डिव्हाइसची यादी पुन्हा पाहावी. संगणकावरून जीमेल उघडून फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन्ही भाग तपासावेत. तिथे परका पत्ता असेल तर पासवर्ड बदलूनही पत्रांच्या प्रती त्याला जातच राहतात.

मेल उघडताना त्यात एका ठिपक्याएवढे अदृश्य चित्र असू शकते. ते उतरले की मेल कधी उघडला हे पाठवणाऱ्याला कळते. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘बाह्य चित्रे दाखवण्यापूर्वी विचारा’ निवडले की हे थांबते. शेतकरी कंपनी किंवा शाळा एकच पत्र अनेकांना पाठवते तेव्हा पत्ते बीसीसीमध्ये घालावेत; सीसीमध्ये घातले तर प्रत्येकाला सगळ्यांचे पत्ते मिळतात.

अंगठा

आधारवरून पैसे काढायला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढे पुरते. ओटीपी लागत नाही. नोंदणी दस्तांवरच्या ठशांवरून सिलिकॉनचे अंगठे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. यावर उपाय म्हणजे मायआधारवर किंवा एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठशाचा वापर बंद ठेवणे. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा. लॉक असताना ठसा दिला तर ३३० हा त्रुटी क्रमांक येतो. रेशन दुकानात अंगठा लागतो, त्यामुळे धान्याच्या दिवशी लॉक तात्पुरते उघडावे लागते, आणि इथेच म्हातारी माणसे कंटाळून ते कायमचे काढून टाकतात. घरात फोन हाताळणारे कोणी नसेल तर लॉकपेक्षा खात्याला मोबाइल क्रमांक जोडून व्यवहाराचे एसएमएस पाहणे बरे.

शेतीकाम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात, म्हणून ‘आला नाही, परत लावा’ हे रोजचेच. प्रत्येक वेळी, व्यवहार फसला असला तरी, पावती मागावी. गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे-कुठे वापरले गेले याचा इतिहास मायआधारवर दिसतो.

फोनवर येणारे

सातबारा महाभूलेखवर कोणालाही पाहता येतो आणि त्यावर नाव, क्षेत्र, कर्जाचा बोजा असतो. पीएम किसानच्या लाभार्थ्यांची गाववार यादीही उघडी राहिलेली आहे. तेव्हा फोनवरचा माणूस गट क्रमांक अचूक सांगतो म्हणून तो तहसीलातलाच, असे धरू नये. हप्ता अडकला, केवायसी करा, लग्नपत्रिका पाहा, असे सांगून गावाच्या ग्रुपवर एपीके फाइल (फोनमध्ये थेट ॲप टाकणारी फाइल) येते. ती टाकताना एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ती मिळाली की ओटीपी परस्पर पुढे जातात. ग्रुपवर टाकणारा शेजारी असला तरी बहुधा त्याचाच फोन आधी अडकलेला असतो. सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ या ठिकाणी व्हॉट्सॲपची परवानगी बंद ठेवावी. फाइल टाकली गेलीच तर एअरप्लेन मोड लावून ॲप काढावे, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत आणि बँकेला कळवावे.

कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांचे सिम रिचार्जविना पडून राहते. सलग ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो आणि काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. बँकेचे ओटीपी मग त्याच्याकडे जातात. क्रमांक सोडण्याआधी तो बँक, आधार आणि ई-मेल या तिन्हीकडे बदलावा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी संकेतस्थळावर दिसते.

कायदा आणि तक्रार

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख कपटाने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधीच रोखता येते. पोलीस ठाण्यात जाताना व्यवहार क्रमांक, एसएमएस, कॉलची वेळ आणि पासबुकाची नोंद न्यावी; फोन फॅक्टरी रीसेट त्यानंतरच करावा, नाहीतर पुरावाही पुसला जातो.