बंबवाले दिवसभर झोपा काढतात?

अग्निशमन जवानांनी पगारवाढीसाठी संपाचा विषय काढला की सांगलीत चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आग लागेपर्यंत झोपाच काढतात, यांना वाढ कशाला?" वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

पाळी सुरू झाली की आधी हजेरी, मग गाडीची तपासणी. पंप चालू करून बघायचा, टाकी भरलेली आहे ना पाहायचं, ओले पाईप वाळत घालायचे, वाळलेले गुंडाळून ठेवायचे. पाईप ओलाच गुंडाळला तर कुजतो आणि ऐन आगीत फाटतो. गमबूट तर अशा जागी ठेवलेले असतात की पाय घातला की गाडीत चढता यावं. शिवाय फोन फक्त आगीचे नसतात. विहिरीत पडलेलं जनावर, रस्त्यावर कोसळलेलं झाड, मांजात अडकलेलं कबूतर, सगळीकडे हेच धावतात.

आणि महापूर? आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा बोटी घेऊन उतरणाऱ्यांत हे जवानही होते.

ब्रिटनमध्ये 1977 साली अग्निशमन जवानांनी 30 टक्के वाढ मागत संप केला. तो नऊ आठवडे चालला. त्यांच्या जागी सरकारला लष्कराचे हजारो जवान उतरवावे लागले. रिकाम्या बसलेल्या माणसांच्या जागी लष्कर कोण बोलावतं? संप करावा की नाही, यावर खुशाल वाद घाला. पण पगाराचा हिशेब नुसत्या आगी मोजून करू नका.