मनाला लागलं की फसवलं? ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’बद्दलचे दोन राग

‘गोष्टीची पार वाट लावली.’ ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसाशी बोलायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतं. मी ते इतक्या जणांकडून ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरून गेलाय: तुला लागलं, की तुला फसवलं? बहुतेक जण यावर थोडे थांबतात. दोन्ही वेळी राग सारखाच येतो, तोंडून निघणारे शब्दही तेच असतात. पण एक राग गोष्टीतल्या माणसांसाठी असतो आणि दुसरा गोष्ट सांगणाऱ्यांवर. हा फरक केला नाही तर या गेमवरची कुठलीही चर्चा दोन फेऱ्यांत भांडणावर येते.

पुढे दोन्ही भागांची कथा शेवटापर्यंत उघड होणार आहे. खेळायचं बाकी असेल तर इथेच थांबा, मनापासून सांगतोय.

पहिला भाग २०१३ साली आला. बुरशीच्या साथीनं उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत जोएल नावाचा, मुलगी गमावलेला माणूस एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे घेऊन जातो. तिला या रोगाची बाधा होत नाही, म्हणून तिच्यापासून लस बनेल अशी आशा असते. शेवटी कळतं की लस बनवायची तर एली जगणार नाही. जोएल इस्पितळात शिरतो, समोर येईल त्याला मारतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाही मारतो आणि एलीला उचलून नेतो. नंतर तिच्याशी खोटं बोलतो. दुसरा भाग या खोट्याचा आणि त्या डॉक्टरचा हिशेब मांडतो. गेम सुरू होऊन साधारण दोन तास होतात आणि ॲबी नावाची एक दणकट तरुणी एलीच्या डोळ्यांसमोर जोएलला गोल्फच्या काठीनं ठार मारते. ती त्या डॉक्टरची मुलगी आहे, हे आपल्याला फार नंतर कळतं.

आता आधी ‘लागणं’ म्हणजे काय ते बघू.

जोएल मेला याचं दुःख हे लागणं आहे. सात वर्षं ज्याच्यावर जीव लावला तो लढता लढता गेला नाही, त्याला नीट निरोपही मिळाला नाही. जमिनीवर पडलेला असताना गेला. मी त्या रात्री पुढे खेळू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी घरी कुणाशी धड बोललोही नाही. पण गोष्टीनं माझ्याशी खोटेपणा केला असं मला एकदाही वाटलं नाही. या जगात माणसं अशीच मरतात, हे पहिल्या भागानं पहिल्या वीस मिनिटांत, जोएलच्या मुलीच्या मृत्यूनं सांगितलं होतंच.

लागण्याचं याहून अवघड उदाहरण ॲबीची साथीदार नोरा हिचं. सिएटलमधल्या इस्पितळाच्या तळघरात, लाल उजेडात, सूड घ्यायला निघालेली एली तिला गाठते आणि ॲबीचा ठावठिकाणा विचारते. हातात पाइप असतो. पडद्यावर चौकोनाच्या बटणाची खूण येते आणि ते दाबल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. अनेकांचा आक्षेप नेमका इथे आहे: ‘मला हे करायचं नव्हतं, गेमनं जबरदस्तीनं करायला लावलं आणि वर मलाच अपराधी ठरवलं.’ आक्षेप वजनदार आहे. पण पहिल्या भागातला तो डॉक्टर आठवा. हातात छोटी सुरी घेऊन तो उभा राहतो आणि त्याला मारल्याशिवाय खोलीतून एलीला घेऊन बाहेर पडताच येत नाही. तिथेही निवड नव्हती. तेव्हा फार कमी जणांनी तक्रार केली, कारण तेव्हा आपल्याला तेच करायचं होतं. जबरदस्ती दोन्हीकडे तितकीच आहे. फरक आपलं मन कुठल्या बाजूला होतं इतकाच. म्हणून नोराच्या प्रसंगाला मी फसवणूक म्हणत नाही. तो जिव्हारी लागतो, आणि लागावा म्हणूनच तसा रचलाय.

आता ‘फसवणं’. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण गेमच्या आत नाही, जाहिरातीत आहे. सप्टेंबर २०१९च्या ट्रेलरमध्ये एलीला मागून कुणीतरी पकडतं, ती वळते, तर समोर जोएल. तुला हे सगळं एकटीला करू देईन का, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलतो. लाखो लोकांनी त्या एका क्षणावर भिस्त ठेवली: म्हणजे हे दोघं पुन्हा सोबत फिरणार. प्रत्यक्ष गेममध्ये त्या जागी जोएल नाहीच, जेसी नावाचा मित्र आहे. जोएल तोवर मेलेला असतो. मृत्यूचा धक्का जपायचा होता, हे मला समजतं. पण धक्का जपण्यासाठी गप्प राहणं वेगळं आणि नसलेलं दृश्य बनवून दाखवणं वेगळं. पैसे मोजून गेम आधीच नोंदवून ठेवलेल्या माणसाला इथे चीड आली तर ती पूर्णपणे रास्त आहे. तुला दुःख सोसत नाही म्हणून तू चिडलास, असं त्याला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तो दुःखावर चिडलेलाच नाही.

एखादी तक्रार कुठल्या जातीची ते ओळखायला मी एक गोष्ट करून पाहतो. ज्यानं एकही ट्रेलर पाहिलेला नाही, असा माणूस हाच गेम आज पहिल्यांदा खेळला तर ती तक्रार उरेल का? ट्रेलरवरची चीड तिथे विरून जाते. जोएलच्या जाण्याचा सल विरत नाही. आणि दुसऱ्यांदा खेळायला बसलात तर हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. एलीच्या वाढदिवसाला जोएल तिला जुन्या संग्रहालयात नेतो, ती डायनासोरच्या पुतळ्यावर चढते, अंतराळयानात बसून डोळे मिटते. पहिल्या वेळी मी त्या प्रसंगात खूश होतो. दुसऱ्या वेळी मला तो नीट बघवला नाही.

सगळंच इतक्या सरळ रेषेत वेगळं होत नाही, हेही खरं. जोएलच्या मृत्यूपूर्वीचा अर्धा तास घ्या. बर्फाच्या वादळात जोएल आणि त्याचा भाऊ टॉमी अनोळखी ॲबीला वाचवतात, आपली नावं सांगतात आणि तिच्या सशस्त्र साथीदारांच्या घोळक्यात निर्धास्तपणे जाऊन उभे राहतात. ‘पहिल्या भागातला जोएल असं कधीच वागला नसता’ ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकलीय. ही लागण्यातली की फसवण्यातली? मला वाटतं, दोन्हींच्या मधली. पात्राचा स्वभाव हा लेखकानं आपल्याला दिलेला शब्दच असतो आणि तो मोडला तर फसवल्यासारखं वाटणारच. बाजू घेणारे म्हणतात की जोएल काही वर्षं जॅक्सनसारख्या वस्तीत, माणसांत राहून मऊ झालाय. ते पटण्यासारखं आहे. पण हा बदल मरण्याआधी नीट दाखवलेला नाही. जोएल किती बदलला होता ते आपल्याला आठवणींच्या प्रसंगांतून नंतर कळतं, म्हणजे ज्या क्षणी त्याची गरज होती तेव्हा ते हाताशी नसतं. या तक्रारीशी मी अर्धा सहमत आहे.

गेमची मांडणी हा यातला दुसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, गुंत्याचा भाग. एली म्हणून आपण सिएटलमधले तीन दिवस सूड घेत फिरतो. तिसऱ्या दिवशी रंगमंदिरात ॲबी समोर उभी राहते, जेसी गोळी लागून मरतो, आणि ऐन त्या क्षणी गेम मागे जातो. आता आपण ॲबी. तिचे वडील काटेरी तारांत अडकलेल्या झेब्र्याला सोडवताना दिसतात, मग तेच तीन दिवस दुसऱ्या बाजूनं सुरू होतात. शस्त्रं पुन्हा पहिल्यापासून गोळा करायची, कौशल्यंही पहिल्यापासून वाढवायची. इथे कंट्रोलर ठेवून दिलेले लोक मला माहीत आहेत. ‘जिनं जोएलला मारलं तिच्यासाठी मी घाम का गाळू?’ हा प्रश्न लागण्यातूनच येतो, आणि लेखक नील ड्रकमन आणि हॅली ग्रॉस यांना तो पडायलाच हवा होता. पण ‘गोष्ट ऐन रंगात असताना मला दहा-बारा तास थांबवून ठेवलं’ ही तक्रार वेगळी. ती गतीची आहे. ॲबीवर माया जडलेला माणूसही ती करू शकतो. मला पुढे लेव्ह आणि यारा या भावंडांमुळे ॲबी मनापासून आवडली. तरी तिचा पहिला दिवस लांबलाय, हे मी नाकारणार नाही.

आणि ॲलिस. एलीच्या भागात मत्स्यालयात अंगावर आलेल्या एका कुत्रीला बटण दाबून मारावं लागतं. ॲबीच्या भागात तीच ॲलिस शेपटी हलवत आपल्या सोबत चालते. शत्रू मेल्यावर त्याचा साथीदार त्याच्या नावानं हाक मारतो, ते मला खोलवर लागलं होतं, कारण ती हाक जाता जाता कानावर पडते. ॲलिसच्या वेळी मात्र मला रडवायला कुणीतरी मागे उभं आहे असं जाणवलं. ही फसवणूक नव्हे, पण अश्रू ओढून काढल्यासारखं झालं.

शेवटावरचा राग मला बरोब्बर उलटा वाटतो. सांता बार्बराच्या किनाऱ्यावर, पाण्यात, एली ॲबीला बुडवत असते आणि सोडून देते. ‘इतकी माणसं मारून नेमकी हिलाच सोडली? मग हा सगळा प्रवास कशासाठी?’ असं म्हणणारे स्वतःला फसवले गेलेले समजतात. पण सूड पुरा होईल असं वचन गोष्टीनं कुठेच दिलं नव्हतं. त्या क्षणी एलीला ओसरीवर गिटार घेऊन बसलेला जोएल दिसतो. मागाहून तो प्रसंग पूर्ण उलगडतो: त्याच्या मृत्यूच्या आदल्या रात्री ती त्याला म्हणाली होती की तुला कधी माफ करता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करायचाय. तो प्रयत्न अर्धवट राहिला, त्याची ती जखम आहे.

एक तिसरा आवाजही होता, त्याच्याबद्दल थोडक्यात. गेम १९ जून २०२० रोजी आला आणि परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांचे शंभरपैकी ९३ गुण असताना पहिल्या काही दिवसांत खेळाडूंचे गुण दहापैकी चारच्याही खाली गेले. वीस-पंचवीस तासांचा गेम पहिल्या काही तासांत कुणी संपवलेला नसतो. एप्रिलमध्ये फुटलेली कथा वाचून अनेकांनी आपलं मत आधीच ठरवून ठेवलं होतं. जुलैमध्ये मेटाक्रिटिकनं नव्या गेमवर खेळाडूंना मत देण्यासाठी ३६ तास थांबायला लावायला सुरुवात केली. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला तर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. या गर्दीत लागलेल्यांचं आणि फसवल्या गेलेल्यांचं, दोघांचंही प्रामाणिक बोलणं दबून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये याला वर्षातला सर्वोत्तम गेम धरून सात पुरस्कार मिळाले, तर तिथला खेळाडूंच्या मतांचा पुरस्कार ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ला गेला.

जुलै २०२५मध्ये गेम बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीनं घटना काळाच्या क्रमानं खेळता येतील अशी सोय दिली. मी ती उत्सुकतेनं घेतली. संग्रहालय आधी, ओसरी आधी, मग बर्फ. जोएलच्या बदलाबद्दलची माझी अर्धी तक्रार तिथे बरीचशी मिटली, आणि गोल्फच्या काठीपाशी आलो तेव्हा मात्र मी पहिल्यापेक्षा जास्त वेळ थांबलो. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं तरी मूळ क्रमच घ्यावा. आधी पहिला भाग खेळावा, त्यासोबतची ‘लेफ्ट बिहाइंड’ ही छोटी गोष्टही. आणि ट्रेलर एकही बघू नये.