मॉर्मन टेंपलमध्ये आत जायला 'रेकमेंड' लागतं, ते मिळतं कसं?

आपल्याकडे देवळात जायचं म्हणजे चपला काढल्या की झालं, पण अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्य शहरात, तसं नाही चालत. मॉर्मन लोकांचं चर्च वेगळं आणि टेंपल वेगळं. रविवारची प्रार्थना वॉर्डच्या, म्हणजे त्या भागातल्या मंडळीच्या, मीटिंगहाऊसमध्ये असते, तिथे कोणीही जाऊन बसा, कोणी अडवत नाही. टेंपल उलट रविवारी बंद, आणि एरवी आत जायला कार्ड लागतं, तेच टेंपल रेकमेंड.

हे फक्त बाप्तिस्मा झालेल्या मेंबरला मिळतं. मूल ज्या वर्षी १२ चं होणार त्या वर्षीच्या जानेवारीपासून त्यालाही मिळू शकतं, पण ते मेलेल्या पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्यापुरतंच. मोठा विधी म्हणजे एंडोमेंट, ज्यात देवाला वचनं द्यायची असतात, त्यासाठी वय किमान १८ आणि नवीन मेंबर असाल तर आधी एक वर्ष थांबायचं.

कागदपत्रांचं म्हणाल तर झेरॉक्स, फोटो असली काही भानगडच नाही, तुमचं रेकॉर्ड वॉर्डकडे असतंच. वॉर्ड बदलून वर्ष झालं नसेल तर नवा बिशप (वॉर्डचा प्रमुख) जुन्या बिशपकडे चौकशी करतो, बास. खरी परीक्षा इंटरव्ह्यूची. पहिला बिशपकडे किंवा त्याच्या काउन्सेलरकडे (सहायकाकडे), दुसरा स्टेक प्रेसिडेंटकडे, म्हणजे अनेक वॉर्ड मिळून होणाऱ्या 'स्टेक'च्या प्रमुखाकडे, किंवा त्याच्या काउन्सेलरकडे, आणि दोन्हीकडे प्रश्न तेच. हे प्रश्न चर्चने २०१९ मध्ये जाहीरच केलेत, त्यामुळे गुपित काही नाही. देवावर श्रद्धा आहे का, व्यवहारात प्रामाणिक आहात का, उत्पन्नाचा दहावा हिस्सा पूर्ण देता का, आणि दारू तंबाखू कॉफी चहा सोडलंय का. हो, चहासुद्धा! ग्रीन टी पण चालत नाही, आपल्यातले निम्मे लोक तर इथेच गळतील. कार्डाची वेगळी फी नाही, पण दहा टक्के म्हणजे काही कमी नाही.

मग कार्डावर तुमची आणि त्या दोघांची सही होते. ते दोन वर्षं चालतं, दारात डेस्कवर बारकोड स्कॅन करतात आणि मुदत संपली की परत तेच दोन इंटरव्ह्यू.

ह्याचा सगळ्यात जास्त त्रास लग्नात व्हायचा. टेंपलमध्ये नवराबायकोचं 'सीलिंग' होतं, म्हणजे नातं मेल्यावरही टिकणारं, पण आईवडील मेंबर नसतील तर पोटच्या पोरीच्या लग्नात ते बाहेरच बसणार. आधी बाहेर सिव्हिल लग्न केलं तर अमेरिकेत सीलिंगसाठी वर्षभर थांबावं लागायचं, ती अट मे २०१९ मध्ये काढली, त्यामुळे आता सगळ्यांसमोर लग्न आणि मग लगेच सीलिंग असं जमतं. माझ्या मते हे फार आधीच व्हायला हवं होतं.

आणि नुसतं आतून बघायचं असेल तर ओपन हाऊसची वाट बघा, टेंपल नवीन बांधलं किंवा मोठं रिनोव्हेशन झालं की विधिवत अर्पण करायच्या आधी काही काळ ते सगळ्यांना खुलं असतं. सॉल्ट लेकचं टेंपल ४० वर्षं बांधून १८९३ मध्ये पूर्ण झालं, २०१९ च्या शेवटी कामासाठी बंद केलं, आणि त्याचं ओपन हाऊस एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ असं जाहीर केलंय. तेव्हा कार्ड नको, इंटरव्ह्यू नको, सकाळी चहा पिऊन गेलात तरी चालेल.